चेपलेलं बोनेट आणि सहज उघडलेलं दार

केजच्या एका तरुण शिक्षकांनी विचारलं आहे. डिसेंबरातली रात्र, अंबाजोगाईहून घरी परत येत होते. पुढे उसाची डबल ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. शेवटच्या क्षणी दिसली. ब्रेक दाबला, गाडी उजवीकडे ओढली, तरी डावी बाजू ट्रॉलीच्या मागच्या चाकावर जाऊन बसली. गाडी चार वर्षांची छोटी हॅचबॅक. बोनेट काचेपर्यंत दुमडलं, रेडिएटर इंजिनाला चिकटला, दोन्ही एअरबॅग उघडल्या. त्यांच्या छातीवर सीटच्या पट्ट्याचा वळ उठला, शेजारी बसलेल्या वडिलांच्या एका बरगडीला चीर गेली. दारं नेहमीसारखी उघडली आणि दोघं चालत खाली उतरले. आता घरी रोज एकच विषय. मामा म्हणतात, आजकालच्या गाड्यांचा पत्रा पापडासारखा, आमच्या अ‍ॅम्बेसेडरला नुसता पोचा आला असता. म्हणून त्यांचा प्रश्न आहे: गाडी दुरुस्त करून वापरावी, की विकून टाकून एखादी जड, मजबूत गाडी घ्यावी?

सर, आधी वडिलांचं. बरगडीला पाच-सहा आठवडे लागतात. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायला सांगा आणि दुखतंय म्हणून श्वास अर्धवट घेऊ देऊ नका.

आता गाडीचं. मी वाळूजच्या एका प्रेसशॉपमध्ये पत्र्याचे पार्ट ठोकण्यापासून सुरुवात केली, मग चिकलठाण्याला डेंटिंग-पेंटिंगचं शेड टाकलं. सत्तावीस वर्षं ठोकलेल्या गाड्याच पाहतोय. गाड्यांचं वेड लहानपणापासूनचं, त्यामुळे शेडमध्ये आलेली गाडी नुसती सरळ करून मला कधी बरं वाटलं नाही. ती अशी का वाकली हे कळेपर्यंत चैन पडत नाही. तुमच्या सगळ्या मजकुरातलं माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: दारं नेहमीसारखी उघडली. ठोकलेली गाडी शेडमध्ये उतरली की मी बोनेटकडे नंतर बघतो. आधी पुढचं दार उघडतो, सोडतो, आणि ते आपल्या वजनानं कुलपात बसतं का ते ऐकतो. दार बसलं म्हणजे दाराची चौकट जागेवर आहे. चौकट जागेवर म्हणजे माणसं बसतात ती खोली चेपलेली नाही. तुमच्या गाडीचं नाक संपलं आणि खोली राहिली. ती गाडी ज्यांनी बनवली त्यांनी तिच्याकडून नेमकं हेच काम मागितलं होतं.

हिशोब साधा आहे. समजा गाडी ताशी ५० किलोमीटरच्या वेगानं न हलणाऱ्या वस्तूवर गेली. हा वेग म्हणजे साधारण तीन मजल्यांवरून खाली पडणं. आता ती गाडी थांबायला किती अंतर मिळतं त्यावर सगळं ठरतं. नाक अर्धा मीटर चेपलं, तर आतल्या माणसाला स्वतःच्या वजनाच्या वीसपट जोर लागतो. सत्तर किलोच्या माणसाला चौदाशे किलो. ऐकायला भयंकर, पण पट्टा लावलेलं धडधाकट शरीर हा जोर क्षणभर सोसतं. तेच नाक कडक असेल, फक्त दहा सेंटिमीटर चेपलं, तर जोर शंभरपट होतो. तिथे पत्रा शाबूत राहतो आणि माणूस आतून फुटतो. आपण खळ्यात वरून टाकलेलं पोतं झेलताना हात मागे घेतो ना, तेच काम बोनेट करतं.

ही अक्कल मोटारीच्या धंद्याला उशिरा आली. मर्सिडीज-बेंझमधले बेला बारेनी यांनी १९५१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला: मधली खोली कडक ठेवायची, पुढचा-मागचा भाग मुद्दाम मऊ. त्या तत्त्वावरची गाडी १९५९ मध्ये रस्त्यावर आली. त्याच वर्षी व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांचा तीन ठिकाणी बांधलेला पट्टाही गाडीत बसला, आणि व्होल्वोनं ते पेटंट सगळ्यांसाठी खुलं केलं. गाडीची सुरक्षितता आजही मुख्यतः या दोन गोष्टींवर उभी आहे. एअरबॅग नंतरची, आणि ती पट्ट्याच्या मदतीला आहे, पट्ट्याच्या जागी नाही.

मामांना एक गोष्ट दाखवा. २००९ मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेनं १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू या दोन गाड्या ताशी ६४ किलोमीटरनं समोरासमोर आदळवल्या. बेल एअर म्हणजे लांबलचक, जाड पत्र्याची, क्रोमचा बंपर. त्याचा व्हिडिओ सहज मिळतो. जुन्या गाडीत डॅशबोर्ड, स्टिअरिंग, दार सगळं ड्रायव्हरच्या अंगावर आलं. नव्या गाडीचं नाक गेलं, खोली राहिली. अ‍ॅम्बेसेडर मलाही प्रिय आहे, तिच्यावर मी हात बसवला. २०१४ पर्यंत ती बनत होती, पण मुळात ती १९५० च्या दशकातल्या मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी गाडीवर बेतलेली. तिच्या पत्र्यावर हातोडी मारली की भांड्यासारखा आवाज येतो, हे खरं. पण त्या काळच्या गाड्यांत स्टिअरिंगचा दांडा पुढून मागे एकसंध असायचा. नाकावर मार बसला की तो सरळ छातीकडे यायचा. आपल्याकडे काळी-पिवळी जीप जोरात होत्या तेव्हा ज्यांनी अपघात पाहिलेत, त्यांना विचारा. गाडी दोन दिवसांत परत रस्त्यावर यायची, ड्रायव्हर यायचा नाही.

आता पत्र्याचं. बोटानं दाबून बघतात तो पत्रा म्हणजे गाडीचं कातडं. फेंडर, बोनेट, दाराची बाहेरची बाजू पातळच असते. पाऊस-धूळ अडवणं आणि दिसायला चांगलं असणं एवढंच तिचं काम. हाडं आत आहेत. बंपरच्या प्लॅस्टिकमागे एक आडवा बीम, त्याच्यामागे दोन्ही बाजूंना डब्यासारखे क्रॅश बॉक्स, मग चेसी लेग, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी मागे खोलीकडे जाणारे पोलादी बीम, आणि शेवटी दाराच्या चौकटीचे पिलर. बऱ्याच नव्या गाड्यांत मधल्या पिलरमध्ये बोरॉनचं पोलाद असतं. ते तापवून साच्यात दाबतात आणि तिथेच झटक्यात थंड करतात, त्यामुळे साध्या पत्र्याच्या चार-पाचपट ताकद येते. आमच्या शेडमधला साधा ड्रिल बिट त्याच्यावर नुसता फिरत राहतो, भोक पडत नाही. म्हणून शोरूममध्ये जाऊन बोनेट दाबून गाडी निवडू नका. त्या दाबण्यातून काही कळत नाही.

एक चूक माझ्या हातची आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चेसी लेगवर कंपनी मुद्दाम खाचा ठेवते. काही बाहेर आलेल्या, काही आत गेलेल्या. धडक बसली की लेगनं कुठे आणि कशी घडी घालायची हे त्या खाचा ठरवतात. मी नवा होतो तेव्हा मला त्या कमजोर जागा वाटायच्या. गेवराईकडच्या एका गिऱ्हाइकाची गाडी पुढून ठोकून आली होती. ते म्हणाले, परत वाकू नये असं करा. मी लेग गॅसनं लाल करून ओढला आणि खाचांवर जाड पट्ट्या वेल्ड करून दिल्या. ते खूश, मीही खूश. दीड वर्षानं तीच गाडी महामार्गावर एका ट्रकला मागून लागली. शेडमध्ये आली तेव्हा मी वेल्ड केलेला तुकडा जसाच्या तसा सरळ होता आणि तो अख्खा मागे सरकून पेडलच्या जागेत घुसला होता. त्यांचा उजवा घोटा चुरा झाला. आजही ते पाय ओढत चालतात, मला भेटले की नीट बोलतात, आणि मला त्यांच्या डोळ्यांत बघवत नाही. त्या दिवसापासून चेसी लेगला माझ्या शेडमध्ये गॅस लागलेला नाही. बदलायचा असेल तर कंपनीनं सांगितलेल्या जोडावरच कापायचा आणि नवा लावायचा.

तुमच्या गाडीचा निर्णय म्हणूनच बोनेटवर अवलंबून नाही. बोनेट, फेंडर, दिवे, रेडिएटर, क्रॅश बॉक्स हे बोल्टवर येतात-जातात. बघायचं त्याच्या मागे. डावं पुढचं दार बंद करून दार आणि पिलरमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते बोट फिरवून बघा. पुढच्या काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात पिलरच्या बुंध्याशी रंगाला बारीक सुरकुती पडली आहे का, तिथला सीलंट फाटला आहे का. मग वडिलांच्या पायाखालचं कार्पेट उचलायला लावा. तिथल्या फ्लोअरला घडी पडली असेल तर मार खोलीपर्यंत पोचला आहे, आणि मग मी तुमच्या जागी ही गाडी दुरुस्त करणार नाही. फ्लोअर कोरा, पिलर कोरा, आणि बेंचवर, म्हणजे गाडी पक्की बांधून मोजायच्या-ओढायच्या लोखंडी चौकटीवर, चढवून तिरकी मापं कंपनीच्या चार्टशी जुळली, तर गाडी पुन्हा उभी करता येते. बेंच नसलेल्या, साखळी आणि झाडाच्या भरवशावर ओढणाऱ्या ठिकाणी हे काम देऊ नका. बिल पंधरा-वीस हजारांनी कमी येईल, पण गाडी एका बाजूला टायर खात राहील आणि पुढच्या धडकेत कशी वागेल ते कोणालाच सांगता येणार नाही.

विम्याचं थोडक्यात. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तर टोटल लॉस मागता येतो, म्हणजे दुरुस्तीऐवजी गाडीची ती किंमत. झिरो डेप, म्हणजे पार्टची घसारा-कपात टाळणारं जादा कव्हर, घेतलेलं नसेल तर प्लॅस्टिक, रबर आणि एअरबॅगवर निम्मे पैसे तुमच्या खिशातून जातात. इथेच लोक घसरतात, कारण एअरबॅगचा खर्च मोठा असतो.

या घसरण्यातून जे होतं ते मी हातानं उघडून पाहिलंय. मागच्या वर्षी एक सेकंडहँड गाडी माझ्याकडे तपासायला आली. धूतलेली, पॉलिश केलेली, आत अत्तराचा वास. स्टिअरिंगच्या मधल्या टोपणाची कड मला किंचित उचललेली दिसली. टोपण काढलं तर आत एअरबॅगच्या जागी स्पंज कोंबला होता, वरून कव्हर चिकटवलेलं. डॅशवरचा एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागत होता आणि विझतही होता. त्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडली होती. घेणारं जोडपं शेजारी उभं होतं, बाईंच्या कडेवर लहान मूल. कोणीतरी बसून, विचार करून, हे काम केलं होतं. या धंद्यात इतकी वर्षं काढूनही मला तो राग आवरत नाही.

तर तुमच्या गाडीत दोन्ही एअरबॅग नव्या, एअरबॅग उडवणारं कंट्रोल युनिट कंपनीच्या नियमाप्रमाणे बदललेलं, आणि दोन्ही पट्टे नवे. पट्ट्यांचं कोणी सांगत नाही म्हणून जोर देऊन सांगतो. धडक ओळखली की पट्ट्याच्या खालच्या टोकाला बारुदाची छोटी नळी उडते आणि पट्टा अंगाशी आवळला जातो. ती एकदाच उडते. तुमचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून उजेडात धरा. कापडावर एका ठिकाणी चकाकी आली असेल किंवा कड लहरी झाली असेल, आणि कडीच्या प्लॅस्टिकवर घासून वितळल्यासारखी रेघ दिसेल. चौदाशे किलोचा जोर तिथून गेला त्याची ती खूण. वडिलांची बरगडी चिरली ती याच पट्ट्यानं. पट्टा नसता तर त्यांचं डोकं काचेत असतं. पावती, नवे पार्ट आणि त्यांच्यावरचे नंबर यांचे फोटो काढून ठेवा.

जड गाडीचं आता बोलू. वजनाचा फायदा होतो तो दोन गाड्या एकमेकींवर आल्या तर, हलकीला जास्त मार बसतो. झाड, पुलाचा कठडा, भरलेली ट्रॉली यांच्यापुढे जड गाडी आपलंच वजन घेऊन आदळते. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या आदळवून तारे देणाऱ्या संस्थेनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरनं आदळवल्या, पाचही शून्य तारे. त्यानंतर धंदा हलला. २०१८ मध्ये टाटा नेक्सॉननं पाच तारे घेतले, १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप सुरू झाली. गाडी बघताना तारे बघाच, मोठ्यांचे गुण ३२ पैकी आणि मुलांचे ४९ पैकी किती तेही बघा. पण त्या चाचणीतला समोरचा अडथळा जमिनीपासून वर असतो, बंपरच्या उंचीला बरोबर भेटतो. आपल्याकडची उसाची ट्रॉली तशी भेटत नाही.

तुमचा जीव वाचला त्याचं खरं कारण इथे आहे. तुमची डावी बाजू ट्रॉलीच्या चाकावर बसली. चाक जमिनीपासून सुरू होतं, त्यामुळे मार बीमवर, क्रॅश बॉक्सवर, चेसी लेगवर गेला. सेन्सरला झटका कळला, एअरबॅग वेळेत उघडल्या, ठरलेल्या जागा ठरल्याप्रमाणे दुमडल्या. गाडी एक हात डावीकडे असती तर दोन चाकांच्या मधली मोकळी जागा समोर आली असती. ट्रॉलीच्या फळीची कड बोनेटच्या वरून येते. गाडीचं नाक खाली शिरतं, चेपायचे सगळे भाग कोरे राहतात, आणि पहिला मार काचेवर आणि पिलरच्या वरच्या टोकावर बसतो. तिथे दोन टनाची गाडी, पाच तारे, सहा एअरबॅग, कशाचाच पुरेसा उपयोग होत नाही. ट्रकच्या मागे खाली आडवा दांडा असतो तो यासाठी. ट्रॉलीला तो मी पाहिलेला नाही. हंगामात, कार्तिकापासून फाल्गुन संपेपर्यंत, माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यात वाईट गाड्या या अशाच असतात: बंपर शाबूत, छत मागे सोललेलं.

म्हणून नव्या गाडीच्या आधी वेगाचा विचार करा. रात्री समोरून गाडी येत असली की आपण दिवा खाली घेतो. त्या खालच्या दिव्यात न चमकणारी वस्तू पन्नासेक मीटरवर दिसली तरी नशीब. ताशी ८० ला माणसाला दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत तीस-तेहतीस मीटर जातात आणि पुढे थांबायला पस्तीस. म्हणजे जवळपास सत्तर. ताशी ६० ला हाच हिशोब पंचेचाळीसच्या आसपास संपतो. ८० ला तुम्ही ट्रॉली दिसूनही तिच्यावर जाता, ६० ला तिच्या मागे थांबता. केज-अंबाजोगाई अंतरात या वीस किलोमीटरनं फार तर सात-आठ मिनिटं वाचतात. काच आतून-बाहेरून स्वच्छ ठेवा, आणि हेडलाइटची काच पिवळी पडली असेल तर घासून घ्या; माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्यांचे दिवे धुरकटलेले असतात.

मागच्या सीटचं बीड जिल्ह्यातल्या माणसाला मी काय सांगावं? ३ जून २०१४ ची सकाळ आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही. गोपीनाथराव मुंडे साहेब दिल्लीत मागच्या सीटवर बसले होते. गाडीचे फोटो सगळ्यांनी पाहिले, बाहेरून फार काही झालेलं नव्हतं. तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं की पट्टा लावला असता तर ते वाचले असते. तरी आजही माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ गाड्यांत मागच्या पट्ट्यांची कुलपं सीट कव्हरखाली गाडलेली सापडतात. तुमच्या घरी लहान मूल असेल तर मांडीवर घेऊन पुढे बसायचं नाही. दहा किलोचं लेकरू त्या क्षणी दोनशे किलोचं होतं, ते कोणत्याही आईच्या हातात राहत नाही. वर एअरबॅग उघडते ती त्याच्याच अंगावर.

दुरुस्तीनंतर कोणी पुढे बुलगार्ड, म्हणजे बंपरसमोरचा लोखंडी दांड्यांचा सांगाडा, बसवून देतो म्हणाला तर नको म्हणा. २०१७ च्या डिसेंबरात केंद्रानं त्यावर बंदी घातली आहे, आणि बंदी नसती तरी मी नकोच म्हटलं असतं. तो सरळ चेसी लेगला बांधतात. मी वेल्ड केलेल्या पट्ट्यांनी जे केलं तेच तो करतो. बाजूच्या एअरबॅग असलेल्या सीटवर घट्ट कव्हर चढवू नका. आणि तुमच्या गावाकडचा ऊस ज्या ट्रॉलीनं कारखान्याला जातो, तिच्या मालकाला लाल रिफ्लेक्टरची पट्टी घेऊन द्या. मागच्या फळीच्या दोन्ही टोकांना उभी आणि खाली आडवी लावायची, आधी कपड्यानं माती पुसून, नाहीतर दोन फेऱ्यांत निघते. उसाची पाचट वरून लोंबून पट्टी झाकते, ती बांधून घ्यायला सांगा.

गाडी अजून उचलली नसेल तर विम्याचा सर्व्हेअर येईपर्यंत काहीही खोलू देऊ नका. बोनेट निघालं की डाव्या चेसी लेगचा बाजूनं एक, पिलरच्या बुंध्याचा एक आणि कार्पेटखालच्या फ्लोअरचा एक, असे तीन फोटो दिवसाच्या उजेडात काढून मला पाठवा. बेंचवरची मापं आली की तो कागदही पाठवा. मग दुरुस्ती की टोटल लॉस, ते आपण आकड्यांवरून ठरवू.